मानूस दर्यात असताना

मुरबे गावची शकूमावशी आमच्या कॉलनीत मासळी घेऊन यायची, पण ओरडायची नाही. बाकीच्या मासेवाल्या कोपऱ्यावरूनच साऱ्या बोईसरला ऐकू जाईल अशी हाळी द्यायच्या. ही जिन्यात पाटी उतरवायची, पदराने तोंड पुसायची आणि दाराची कडी इतकी हळू वाजवायची की वाटावं, शेजारीण उसनी साखर मागायला आली आहे. आईने विचारावं, मांदेली ताजी आहेत का, तर ही म्हणायची, "बरी हाय." पापलेट कसं आहे? "बरं हाय." आणि तुम्ही कशा आहात? त्यालाही तेच उत्तर.

आईला या बाईचा आधी फार राग यायचा. आम्ही परभणीकडचे; बाबा तारापूरच्या वीजकेंद्रात लागले म्हणून समुद्राकाठी आलो. आईला मासा कुठून धरायचा हेही माहीत नव्हतं. ते शकूमावशीने शिकवलं, आमच्याच मोरीच्या उंबऱ्यावर बसून, आमच्याच विळीवर. खवले कसे काढायचे, करलीचे काटे कसे चुकवायचे, कोलंबीचा दोरा कुठे असतो. शिकवताना ती कधी आईला हसली नाही. मग आई तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून मासे घेईनाशी झाली, आणि मी शाळेतून यायच्या वेळी मावशी दारात असली की माझ्या हातावर एखादी मोठी कोलंबी जास्तीची पडायची.

हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर चिडणार आहे. मी तापट आहे. पालघरला कोर्टाजवळ माझं ऑफिस आहे आणि मी अपघाताचे दावे चालवते. ट्रकने उडवलेली, रिक्षातून पडलेली, कारखान्यात बोटं गेलेली माणसं माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी भांडून भांडून माझा स्वभाव असा झाला, असं मी सांगते. आई म्हणते, मी पाळण्यातही अशीच होते.

तीन वर्षांपूर्वी पाम गावच्या वळणावर मावशी टेंपोतून उतरून पाटी डोक्यावर घेत होती, तेवढ्यात मागून आलेल्या एका टँकरने तिला धडक दिली. जीव वाचला, पण उजव्या खांद्याचा चुरा झाला. आत पट्टी बसवली, स्क्रू बसवले. डॉक्टरांनी कायमच्या अपंगत्वाचा दाखला दिला. हात डोक्यापर्यंत जाईना, म्हणजे पाटी गेली, आणि पाटी गेली म्हणजे तिचं बोईसरला येणंच संपलं. माझ्याकडे ती आपणहून आली नाही. आईने तिला हाताला धरून आणलं, डाव्या हाताला.

टँकरच्या विमा कंपनीचं म्हणणं असं की बाई ठणठणीत बऱ्या झाल्या आहेत. असं विमा कंपन्या नेहमीच म्हणतात, त्यात नवीन काही नाही. नवीन होता तो त्यांचा पुरावा. त्यांच्याकडे एक एआय होतं, ते दावेदारांना अधूनमधून फोन करायचं. बाईचा आवाज, इतका गोड की ऐकणाऱ्याला आपण लग्नाला आलोय असं वाटावं. "नमस्कार. आपली तब्येत आता कशी आहे?" आणि मावशी दर वेळी सांगायची, "बरी हाय." संभाषणाची नक्कल त्यांनी कोर्टात दाखल केली तेव्हा मी वाचली. उत्तर देऊन ती थांबलेली नव्हती. एकदा तिने विचारलं होतं, "तू बरी हायेस ना, बाय?" एकदा विचारलं होतं, "जेवलीस काय?" त्यावर यंत्र म्हणालं होतं, "माफ करा, मला समजले नाही." मावशीने पुन्हा समजावून विचारलं होतं. आणि खाली यंत्राने सारांश काढला होता: दावेदार प्रसन्न, तक्रार नाही.

एआय माझ्याकडेही आहे. मी त्याला दिवाणजी म्हणते. ज्युनियर टिकत नाहीत माझ्याकडे, का ते विचारू नका, दिवाणजी टिकला. अशिलाचं नावगाव काढून कागद त्याच्यापुढे ठेवले की दवाखान्याचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचतो, तारीखवार लावतो, समोरचा वकील काय विचारील तेही सांगतो. डॉक्टरांचं अक्षरसुद्धा त्याला लागतं, आणि ते मी इतकी वर्षं वाचूनही मला लागत नाही. शिवाय त्याच्यावर ओरडलं तरी तो राजीनामा देत नाही.

मावशीचं शपथपत्र आम्ही जूनमध्ये केलं होतं. तेव्हा ती माझ्यापुढे बसून घडाघडा बोलली होती. खांद्यातून कळ येते, झोप नाही, हात वर होत नाही. मी लिहीत गेले. म्हणून जानेवारीत साक्षीची तारीख लागली तेव्हा मला काळजी नव्हती. मावशी पायऱ्या चढून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, शपथपत्रावरची सही आपली आहे म्हणाली. न्यायाधीश मॅडम भल्या बाई. त्यांनी सहज, माणसाने माणसाला विचारावं तसं विचारलं, "आता कशा आहात?"

"बरी हाय," मावशी म्हणाली.

समोर विमा कंपनीचा वकील विक्रम होता. तो वाईट माणूस नाही. आम्ही एकाच टपरीवर चहा पितो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग सभ्यपणे पंख्याकडे पाहायला लागला. उलटतपासणीला त्या दिवशी वेळ उरला नाही, मार्चची तारीख पडली. व्हरांड्यात येताच मी मावशीवर तोंड सोडलं. मी इथे रक्ताचं पाणी करते आणि तुम्ही बरी हाय म्हणता, जूनमध्ये माझ्याशी खोटं बोललात की आज कोर्टात, असं बरंच काही. ती खाली बघून ऐकत राहिली. मी थांबल्यावर, मला लहानपणी हाक मारायची तशीच, म्हणाली, "ज्ञानू, आता नको इचारू." तेवढंच बोलली आणि एसटी पकडायला निघून गेली.

मी ऑफिसात येऊन दिवाणजीला कामाला लावलं. अपघातापासून अर्जदार बाईंनी जिथे जिथे स्वतःच्या दुखण्याबद्दल काही सांगितलं, ते सगळं तारखेप्रमाणे लाव म्हटलं. त्याने लावलं, आणि मी खुर्चीत टेकून बसले. तिन्ही वर्षं एकच चित्र होतं. जून-जुलैत दवाखान्यात नोंद: असह्य वेदना, झोप नाही. ऑगस्टपासून पुढच्या मेपर्यंत: तक्रार नाही, बरं वाटतं. त्याखाली दिवाणजीने आपलं मत दिलं होतं. वेदना हंगामी स्वरूपाची दिसते, दमट हवेशी संबंध असावा, जुना संधिवात असण्याची शक्यता, दावा कमकुवत. विमा कंपनीच्या माणसाने मावशीच्या नवऱ्याला, दादूला, गाठून विचारलं होतं, त्याचीही नोंद त्यातच होती. दादूने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, दरसाल पावसात तिचा खांदा दुकतो.

म्हणजे मावशीने, दादूने आणि माझ्या स्वतःच्या दिवाणजीने मिळून दावा बुडवत आणला होता. खांदा टँकरने मोडला नाही, पावसाने दुखतो, एवढं विक्रमने सिद्ध केलं की संपलं. मग मावशीच्या हातात काय राहणार होतं? उरलेलं आयुष्य लोकांच्या दारी कोलंबी सोलत बसायचं, तीही डाव्या हाताने. मला तिच्या त्या "आता" शब्दाने छळलं. आता नको विचारू म्हणजे कधी विचारू?

रविवारी मी मुरब्याला गेले. गावात पुरुष जवळजवळ दिसत नव्हते, बोटी बाहेर होत्या. मावशी घरामागे वलांडीवर बोंबील सुकत घालत होती. वलांडी म्हणजे बांबूंची उंच चौकट. तिच्या वरच्या दांडीवर शेजारणी बोंबील टाकत होत्या आणि मावशी खालच्या दांडीवर, डाव्या हाताने. मला बघून ती इतकी खूश झाली की मला रागाचा धागा सापडेना. चहा झाला. मग मी तिला कागद दाखवला, वाचून दाखवला, आणि म्हटलं, "मावशी, जून-जुलैत दुखतं आणि एरवी दुखत नाही, हे कसं?"

ती बोंबलाचं तोंड दुसऱ्या बोंबलाच्या तोंडात अडकवत राहिली. मग म्हणाली, "जून-जुलै बंदी असते ना. बोटी किनाऱ्याला असतात."

मला कळलं नाही. मासेमारीबंदीचा आणि खांद्याच्या स्क्रूचा काय संबंध, असं मी विचारलं. तिने सासूचं सांगितलं. ती लग्न करून या घरात आली तेव्हा सासूने पहिली गोष्ट ही शिकवली होती: मानूस दर्यात असताना बायकोनं 'बरी नाय' म्हनू नये. ताप असो, पोट दुखो, कुणी विचारलं तर बरी हाय. बोलणं वाऱ्यावर जातं आणि वारा दर्यावर जातो. सगळं मुरबे गाव हे पाळतं असं नाही, पण त्यांच्या घरात पाळतात. दादू पाच-पाच दिवस बाहेर असतो, एक रात्र घरी येतो, बर्फ-डिझेल भरून परत जातो. त्या एका रात्री रडगाणं काय गायचं? राहिले बंदीचे दोन महिने. तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचं.

"अहो पण ते फोनवरचं यंत्र होतं," मी म्हटलं. "माणूससुद्धा नाही. त्याच्याशी बोललेलं कुठे वाऱ्यावर जातं?"

"मंग फोन कशावरनं जातो?" मावशी म्हणाली. "वाऱ्यावरनंच ना?"

मी हसले, तीही हसली, आणि हसतानाच मला भरून आलं. बोंबलांच्या वासाने डोळे झोंबतात म्हटलं. तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

मग मी म्हटलं, दादूकाकांना माहीत आहे का की हे वर्षभर दुखतं? तर ती एकदम घट्ट झाली. त्याला काही सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं. दर्यात जाणाऱ्याचं मन घरात अडकलं की हात चुकतो. जाळं ओढताना, इंजिनजवळ, कुठेही. त्याला वाटतं पावसाचं दुखणं आहे, वाटू दे. मी त्याच्याजवळ कारण बोलणार नाही असा शब्द तिने माझ्याकडून घेतला आणि बांगडा तळून वाढला.

सोमवारी मी दिवाणजीला बंदीच्या तारखा आणि घरातला नियम सांगितला. त्याने क्षणात मान्य केलं की आधीचा निष्कर्ष चुकला. तक्रारींचा संबंध हवेशी नसून बोट किनाऱ्याला असण्याशी आहे. चूक इतक्या पटकन कबूल करणारा आमच्या धंद्यात मी दुसरा पाहिलेला नाही. मी त्याला दोष देत नाही. मुरब्याच्या एका सासूने सुनेच्या कानात सांगितलेलं त्याला कोण कळवणार? त्याने सुचवलं, हे सगळं लिहून बाईंचं आणखी एक शपथपत्र द्या. मावशीने फोनवर नकार दिला. लिहिलं की कुणीतरी वाचणार आणि वाचलं की बोललंच. मग मी जूनची तारीख मागितली. दावा जुना झालाय, मार्चच्या तारखेला साक्ष पूर्ण व्हायलाच हवी, असा आदेश झाला. मॅडमचंही चूक नव्हतं. कारण काय म्हणून सांगणार होते मी?

मार्च जवळ आला. बोट परतल्याचं कळल्यावर मी दादूकाकांना फोन केला. दादूकाका म्हणजे उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. फोनवर तर इतका कमी बोलतो की लाइन तुटली असं वाटतं. मी म्हटलं, "काका, मावशीच्या तारखेला तुमची बोट दर्यात नको. तुम्ही कोर्टात हवे. का, ते मला सांगता येणार नाही."

मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं. सुरमईचे दिवस होते, इतर सगळ्या बोटी निघणार होत्या, आणि त्याच्या बोटीवर खलाशी होते, त्यांनाही घरं होती. मला वाटलं, आता कारण विचारणार.

"एक दिस बस काय?" त्याने विचारलं.

बस, मी म्हटलं. त्याने फोन ठेवला.

तारखेच्या दिवशी मावशी एकटीच आली. नवरा पहाटे बंदरावर गेला म्हणाली. मी काकांना बोलावल्याचं तिला काहीच माहीत नसावं, असं तिच्या बोलण्यावरून दिसत होतं, आणि कोर्टात दादू कुठे दिसत नव्हता. पुकारा झाला. मावशी पिंजऱ्यात गेली आणि विक्रमने उलटतपासणी सुरू केली. तो आवाज चढवत नाही, त्यामुळे जास्त धोकादायक आहे. तुम्ही दवाखान्यात फक्त पावसाळ्यात तक्रार केली, खरं आहे? हो. तुमच्या नवऱ्यानेही तसंच सांगितलं? हो. मग त्याने परवानगी घेऊन फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

गोड आवाज सगळ्या दालनात भरला. आपली तब्येत आता कशी आहे? मग मावशीचा, समुद्राच्या वाऱ्यात फाटलेला: "बरी हाय. तू जेवलीस काय?" माफ करा, मला समजले नाही. "जेवलीस काय म्हनते. भाकर खाल्लीस?" मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीश मॅडमनी तोंडावर हात धरला. मावशी मान खाली घालून उभी होती, लाजली होती बिचारी. एकामागून एक फोन वाजत गेले, आणि प्रत्येकात ती बरी होती.

"आणि आज?" विक्रमने विचारलं. "आज कशा आहात?"

"बरी हाय."

त्याने आणखी काही विचारायचं नाही असं सांगितलं आणि खाली बसला. मी फेरतपासणीला उठले. समोरच्याने काढलेल्या गोष्टीचा खुलासा आपल्या साक्षीदाराकडून करून घेण्याची ती एवढी एकच संधी असते. उठताना सवयीने दाराकडे पाहिलं. दारात दादू उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट, आणि देवळात आल्यासारख्या चपला काढून हातात धरलेल्या. तो रेकॉर्डिंग चालू असतानाच आला असावा, कारण त्याच्या चेहऱ्यावर ते ऐकल्याचं दिसत होतं. बायको रिकाम्या घरात बसून यंत्राला जेवलीस का विचारते, हे त्याला कुठे माहीत होतं?

मी दोन पावलं बाजूला सरकले, म्हणजे मावशीला दार दिसावं.

"रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही दर वेळी बरी हाय म्हणालात," मी म्हटलं. "का, ते कोर्टाला सांगा."

मावशीने मान वर केली. तिला तो दिसला. आपण कोर्टात आहोत हे विसरून तिने थेट त्यालाच विचारलं, "बोट?"

"नांगरलेली हाय," दारातून दादू म्हणाला.

शिपाई त्याला गप्प करायला उठला. मॅडमनी शिपायाला हातानेच बसवलं.

मावशीने पिंजऱ्याची कड धरली, डाव्या हाताने. मग बोलायला लागली. आधी सासूचा नियम सांगितला, मला सांगितला तसाच. मॅडमनी लघुलेखकाला तो शब्दशः लिहायला लावला. मग ती खांद्याकडे वळली आणि मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. वेणी शेजारीण घालून देते, आणि शेजारीण गावाला गेली की केस तसेच बांधलेले राहतात. झोपताना आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढा लागतो. नवरा घरी असला की त्या रात्री ती आडवी होते, दात आवळून, त्याला कळू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून. नारळी पुनवेला बोटीला ओवाळायचं असतं, ते डाव्या हाताने चालत नाही. ताट उजव्या हाताने धरलं होतं तिने, तिन्ही वर्षं. पहिल्या वर्षी घरी येऊन चक्कर आली, ती उपासाने आली असं सगळ्यांना सांगितलं. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं, तशी एकेक वस्तू काढून ठेवत होती.

शेवटी मॅडमनीच विचारलं, मग पावसात जास्त दुखतं, हे खरं ना?

"जास्त नाय दुकत, बाय," मावशी म्हणाली. "सारकंच दुकतं. पावसात हा घरी असतो, म्हनून बोलता येतं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि लघुलेखकाला मजकूर सांगायला लागल्या. आवाज नेहमीचा नव्हता. विक्रमला आणखी काही विचारायचं आहे का, असं विचारलं. तो उठून उभा राहिला, नाही म्हणाला, आणि बसताना कागद गोळा करायला त्याला उगाचच वेळ लागला.

निकाल आमच्या बाजूने लागला, पण तो पुढे पावसाळ्यानंतर. आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. दिवाणजीने निकालपत्र वाचून सारांश काढला, तो बरोबर होता. मला मात्र निकालाचा दिवस फारसा आठवत नाही. आठवतो तो साक्षीचा दिवस, कोर्टाबाहेरचा.

साक्ष संपल्यावर माझी दुसरी एक केस पुकारली गेली, म्हणून मला बाहेर यायला उशीर झाला. वाटलं, ती दोघं एव्हाना निघून गेली असतील. पण ती आवारात झाडाखालच्या बाकावर बसली होती. दादू आधी तिच्या उजव्या बाजूला बसला होता. मी बघत असताना तो उठला, फेरी घालून डाव्या बाजूला गेला आणि तिथे बसला. दोघं समोरच्या रिक्षा बघत होती. मी त्यांना निकाल कधी लागेल ते सांगायला, धीर द्यायला म्हणून जवळ गेले, आणि त्याचं बोलणं कानावर आलं तशी थांबले.

"आजून काय रायलंय?" तो म्हणाला.

"कायचं?"

"सांगायचं."

मावशीने पदर खांद्यावर ओढला. सांगितलं की तेवढं सगळं, कोर्टात ऐकलं ना, म्हणाली. आणि उद्या त्याला दर्यात जायचंय, घरी जाऊन बर्फाचं बघायला हवं, खलाशांना निरोप धाडायला हवा.

"ते जजबायला सांगितलं," दादू म्हणाला. "मी आज हितं हाय. मला सांग."

मग तिचा चेहरा हलला, आणि जी बाई कोर्टात एक टिपूस न गाळता सगळं सांगून आली होती, ती त्या बाकावर बसून रडायला लागली. दादूने तिला गप्प केलं नाही. चपला खाली ठेवल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिच्याकडे वळून बसला आणि वाट बघत राहिला. थोड्या वेळाने ती बोलू लागली, अगदी सुरुवातीपासून, पामच्या वळणापासून.

मी तिघांसाठी चहा सांगायला टपरीकडे वळले, आणि मुद्दाम सावकाश चालले.